लग्नाला दोन वर्षं झालेलं जोडपं सगळं सोडून लांबच्या धार्मिक समुदायात राहायला निघालंय, त्यांना काय विचारावं?

अबोली७
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझ्या बहिणीची मुलगी आणि तिचा नवरा. दोघंही तिशीच्या आत, दोघांच्या बऱ्यापैकी नोकऱ्या, लग्नाला दोनेक वर्षं. मध्यंतरी घरी येऊन शांतपणे सांगितलं की आम्ही दुसऱ्या देशातल्या एका समुदायात कायमचं राहायला जायचा विचार करतोय. सगळे एकाच श्रद्धेचे लोक, शेती आणि एक छोटा कारखाना, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, जेवण एकत्र, पगार कोणालाच नाही, आणि पूर्ण सदस्य व्हायचं तर नावावर जे काही असेल ते सोडून द्यायचं. धर्म कुठला, पंथ कुठला हे मुद्दामच लिहीत नाहीये, नाहीतर धाग्याचं काय होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

बहिणीचं रडणं थांबत नाही, भावजींनी बोलणंच टाकलंय. दोन्हीकडचे फोन मला येतात. मुलं वेडी नाहीत हो. उलट इतकी खुशीत मी त्यांना लग्नातसुद्धा पाहिली नव्हती, आणि बहीण म्हणते त्याचीच तर भीती वाटते.

अडवायचं कसं हे विचारत नाहीये, ती अडणार नाहीत. पण जायच्या आधी त्यांना नेमकं काय विचारावं? कोणाच्या घरात असं झालंय का?

टॉर्चवाला
पंथाचं नाव न घेता धर्मावर धागा. तुम्हाला दंडवत. पहिलं पान सुरक्षित दिसतंय, दुसऱ्याची गॅरंटी नाही. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खडूस_काका
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. जोन्सटाऊन वाचा, एका पंथाची वसाहत. १९७८, गयाना. नऊशेच्या वर माणसं मेली, त्यात कितीतरी लहान मुलं. तीही सगळी आनंदाने आणि शेती करायलाच गेली होती. पासपोर्ट काढून घ्या, संपला विषय.

मधुरा_व
काका, तिशीतल्या माणसांचा पासपोर्ट मावशी काढून घेणार? आणि जोन्सटाऊनचं उदाहरण म्हणजे विमान पडलं की कोणीच विमानात बसायचं नाही यातला प्रकार झाला. हटराइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं बघा ना. १८७४ मध्ये अमेरिकेत डाकोटात आले, आज कॅनडा आणि अमेरिकेत मिळून त्यांच्या शेकडो वसाहती आहेत, सगळी मालमत्ता सामायिक, आणि रोजचा दिनक्रम इतका कंटाळवाणा की त्यावर कोणी सिरीजसुद्धा काढणार नाही. वसाहतीत साधारण दीडशेच्या आसपास माणसं झाली की अर्धी उठून नवी वसाहत करतात. कारण काय, तर त्यापुढे सगळ्यांना पुरेसं काम उरत नाही आणि गटबाजी सुरू होते. इतका व्यवहारी विचार आमच्या सोसायटीला कधी सुचला नाही.

आता दुसरी बाजू पण लिहिते. त्यांच्यात वसाहतीच्या निर्णयात मत देतात ते बाप्तिस्मा झालेले पुरुष. बायकांना मत नाही. म्हणून अबोलीताई, माझा पहिला प्रश्न भाचीसाठी आहे, जावयासाठी नाही. तिथे निर्णय कोण घेतं आणि त्या खोलीत तू असशील का?

नेमस्त
पगार नाही, मालमत्ता नाही, शेती आणि कारखाना हे वाचून मला ब्रूडरहोफ हा ख्रिस्ती समुदाय आठवला (तेच आहे असं म्हणत नाहीये). एबरहार्ड आर्नोल्ड आणि त्यांच्या बायकोने १९२० मध्ये जर्मनीत सुरू केलं, म्हणजे मुळात एका जोडप्यानेच घर सोडून मांडलेला डाव. नाझींनी १९३७ मध्ये हुसकून लावलं, मग इंग्लंड, तिथे युद्धात जर्मन म्हणून पंचाईत, मग बहुतेकांनी थेट पॅराग्वेचं जंगल गाठलं. शेती आणि लाकडी खेळणी, शाळांचं फर्निचर वगैरे बनवून जगतात. पूर्ण सदस्य होताना आयुष्यभराची शपथ असते, आपलं सगळं देऊन टाकायचं, आणि नंतर निघालात तर त्यावर हक्क सांगायचा नाही. हे लपवत नाहीत, आधीच सांगतात.

पण इतिहास सगळा गोड नाही. १९६० च्या आसपास त्यांच्यात मोठं अंतर्गत भांडण झालं, खूप लोक निघून गेले किंवा काढले गेले, पॅराग्वेतल्या वस्त्या बंद पडल्या. आयुष्यभर तिथेच राहायचं म्हणून आलेली माणसं, हातात पैसा नाही, बाहेर काम केल्याचा अनुभव नाही, पदरात चार-पाच मुलं. तेव्हा मी असतो तर विचारलं असतं की इथून गेल्या काही वर्षांत जी बाहेर पडली त्यातल्या दोन-तीन कुटुंबांशी माझं बोलणं करून द्याल का? उत्तर काय मिळतं यापेक्षा प्रश्न विचारल्यावर चेहरे कसे होतात तेच बघायचं.

पूर्वाश्रमीची
नेमस्तना +१. चेहऱ्यांबद्दल तर +१००.

मी आणि नवरा अशा एका ठिकाणी राहून आलोय. देश, नाव काही सांगणार नाही. तिथले काही लोक अजून आमच्या जवळचे आहेत आणि जे खटकलं ते नाव घेऊन चव्हाट्यावर आणायची इच्छा नाही.

बाहेरच्यांना वाटतं कष्ट जड जात असतील, पहाटे उठणं जड जात असेल. अजिबात नाही. काम करायला मजा यायची, नोकरीत कधी आली नाही इतकी. पैसा नसण्याचंही काही वाटलं नाही, पहिल्यांदा तर सुटल्यासारखं वाटतं. जड गेलं ते मागणं. चप्पल तुटली, मागा. आईला फोन करायचाय, सांगा. चष्म्याचा नंबर वाढलाय, यादीत नाव घाला. कोणी नाही म्हणत नाही, हसून देतात सगळं, पण कमावत्या बाईला दर वेळी कोणाला तरी कारण सांगायचं हे हळूहळू आत कुठेतरी साचत जातं, आणि साचतंय हे आपल्याला कळतही नाही कारण आपण तर स्वखुशीने आलेलो.

आणि दुसरं, भांडण. नवराबायको म्हणून आम्हाला भांडायला जागाच नव्हती. भिंती पातळ होत्या ते सोडा, पण दोघांत काही बिनसलं की संध्याकाळपर्यंत कोणीतरी वडीलधारं प्रेमाने विचारायला हजर, तुमच्यात सगळं ठीक आहे ना, आपण मिळून प्रार्थना करू. हेतू चांगलाच. पण आम्ही एकमेकांशी बोलायचं सोडून त्यांच्याशी बोलायला लागलो. तो त्याच्या माणसाशी, मी माझ्या बाईंशी. लग्न नवीन असताना जी भांडणं आपली आपण मिटवायची असतात ती आमची कोणीतरी मिटवून देत होतं, आणि बाहेर आल्यावर ते नव्याने शिकावं लागलं. दोन वर्षं म्हणजे लग्न कोवळंच हो. म्हणून भाचीला विचारा, तिथे तुम्हा दोघांना दार लावून घ्यायला मिळेल का? खरंखुरं दार म्हणतेय.

दुपारची_झोप
एका सासूला कंटाळून लोक वेगळे राहतात आणि हे दीडशे सासवांकडे निघालेत. 😂
कृ. ह. घ्या.

पूर्वाश्रमीची
@दुपारची_झोप हसलात, पण दीडशे बायका बाळंतपणात मदतीलाही असतात. तीही बाजू आहे.

अर्धवट_वकील
श्रद्धेतलं मला काही कळत नाही, कागदांबद्दल लिहितो.

एक. हॉफर विरुद्ध हॉफर, कॅनडाचं सर्वोच्च न्यायालय, १९७०. मॅनिटोबातल्या एका हटराइट वसाहतीतल्या काही जणांनी दुसरा पंथ धरला, वसाहतीने त्यांना काढलं. ते कोर्टात गेले की आम्ही इतकी वर्षं राबलो, आमचा वाटा द्या. हरले. कोर्ट म्हणालं, सदस्य होताना तुम्ही मान्य केलं होतं की सगळं समुदायाचं, आणि सदस्यत्व गेलं की हक्क गेला. आयुष्यभराच्या श्रमाचा मोबदला शून्य. मालमत्ता सोडण्याचा कागद असेल तर सही करायच्या आधी त्या देशातल्या स्वतंत्र वकिलाला दाखवायचा. समुदायाच्या वकिलाला नाही.

दोन. देश अमेरिका असेल तर धार्मिक कामासाठीचा व्हिसा आर-१. त्याला आधीची किमान दोन वर्षं त्या संप्रदायाचं सदस्य असावं लागतं, सुरुवातीला ३० महिन्यांपर्यंत मिळतो, एकूण मर्यादा पाच वर्षं. जोडीदाराला आर-२, त्यावर काम करता येत नाही. म्हणजे एकाचा व्हिसा समुदायावर अवलंबून आणि दुसऱ्याचा पहिल्यावर. उद्या एकालाच बाहेर पडायचं झालं तर? किंवा दोघांचं पटेनासं झालं तर? कोणाच्या नावाने कुठला अर्ज जाणार आहे हे आत्ताच विचारून ठेवा.

तीन. म्हातारपण. पगार नाही म्हणजे पेन्शनही जमा होत नाही. तिथेच राहिलात तर ते सांभाळतील, चांगलं सांभाळतात असं ऐकलंय. पन्नाशीत बाहेर पडलात तर पाटी कोरी.

खडूस_काका
वकीलसाहेबांनी माझंच म्हणणं कायद्याच्या भाषेत मांडलं. धन्यवाद.

अर्धवट_वकील
नाही काका, मी पासपोर्ट त्यांच्याजवळच ठेवा म्हणतोय. तो समुदायाच्या कपाटात जाणार असेल तर मात्र तुमच्या बाजूने उभा राहीन.

ओवीबद्ध
या धाग्यावर विठ्ठलपंत अजून कसे आले नाहीत? मागे बायको आहे हे लपवून काशीला जाऊन संन्यास घेतला, पुढे गुरूच यात्रेला निघाले, वाटेत आळंदीला रुक्मिणीबाईंनी नमस्कार केला, तोंडून पुत्रवती भव निघून गेलं आणि सगळं उघडकीला आलं. गुरूने परत पाठवलं, जा आणि संसार कर. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, परत आलेल्याला समाजाने काय वागवलं आणि मुलांनी काय भोगलं ते. मला यात कायम असं वाटतं की गुरू वागला ते बरोबर होतं, घोळ घातला तो गावाने. जाणाऱ्याला अडवण्यावर आपण पानंच्या पानं लिहितो, परत आलेल्याला घरात घ्यायचं कसं यावर कोण लिहितं?

बौद्धांत तर यावर सरळ नियमच झाला. राहुलला लहानपणीच प्रव्रज्या दिली तेव्हा शुद्धोदन बुद्धाला म्हणाला, मुलगा गेला, आता नातू गेला, हे दुःख हाडापर्यंत जातं, यापुढे आईवडिलांच्या परवानगीशिवाय कोणाला घेऊ नका. बुद्धाने मानलं. विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमावलीत आहे. आजोबाच्या रडण्यातून आलेला नियम.

टॉर्चवाला
अबोलीताई, हे बहिणीला वाचून दाखवू नका, नाहीतर त्या परवानगीचं पत्र अडकवून ठेवतील.

सायली_पण_कडू
ओवीबद्ध, उदाहरण छान पण तिथे प्रॉब्लेम एकटा जाण्याचा होता, इथे जोडी जातेय. मला लक्ष्मीबाई टिळक जास्त जवळच्या वाटतात. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, बायकोला आधी पत्ता नाही. बाईंनी लगेच मान तुकवली नाही, बरीच ताटातूट झाली, सोवळं-ओवळं, माणसांची बोलणी सगळं सोसून स्वतःच्या पायांनी चालत १९०० मध्ये तिथवर आल्या. आणि आल्या त्या स्वतःला पटलं म्हणून. एकाची हाक दुसऱ्याला ऐकू यायला वेळ लागतो, कधी येतही नाही. अबोलीताई, मला सांगा या दोघांत आधी कोणाला सुचलं? माझा अंदाज नवऱ्याला. आणि ती प्रेमापोटी मागून निघालीये.

मधुरा_व
सायलीला अनुमोदन. नेहमीचंच चित्र.

भटका_जीव
तुम्ही सगळे उगाच सातासमुद्रापार गेलात, पाँडिचेरीजवळ ऑरोव्हिल आहे की. १९६८ पासून. तिथेही घर तुमच्या मालकीचं नसतं, जमीन सगळी फाउंडेशनची.

नेमस्त
भटके, ऑरोव्हिल धार्मिक समुदाय नव्हे. धर्म नको असंच ते सुरू करणाऱ्या माताजींचं म्हणणं होतं.

भटका_जीव
पाँडिचेरीला त्यांच्या समाधीला फुलं वाहतात, फोटो घरोघरी, आणि म्हणे धर्म नव्हे.

नेमस्त
यावर वेगळा धागा काढा, तिथे भेटू. इथे एवढंच, पन्नास हजार लोकांचं शहर म्हणून आखलं आणि इतक्या वर्षांनी काही हजारांवर आहे. लोक आदर्शाच्या प्रेमात पडतात, राहायला फार थोडे येतात आणि त्याहून थोडे टिकतात.

दुपारची_झोप
आमचं टार्गेट पण दरवर्षी असंच असतं.

शेंडेफळ
माझा मोठा भाऊ आणि वहिनी असेच गेले. आता मुलं तिथेच वाढतायत. इथले प्रतिसाद वाचून थोडं वाईट वाटलं म्हणून लिहितेय. सगळे विचारतायत बाहेर कसं पडणार. लग्न करताना मुलीला घटस्फोटाचे कागद कुठे ठेवलेस असं विचारलं असतं का? ती दोघं कशापासून पळालेली नाहीत. त्यांना असं जगायचं होतं की सकाळी जे मानतो तेच दिवसभर करतो. भाऊ आधी जे काम करायचा त्यात त्याला रोज थोडं थोडं खोटं बोलावं लागायचं, त्याचेच शब्द. आता सुतारकाम करतो. वहिनी शाळेत शिकवते.

आईबाबांची तब्येत बिघडली की सगळं माझ्या एकटीवर येतं हे खरं आहे. तिथल्यांनी तिकिटाचे पैसे दिले, भाऊ येऊन राहिला, पण परत गेला. त्याबद्दल राग आहे, नाही असं नाही. तो राग मात्र नोकरीसाठी परदेशात गेलेल्या भावंडांवर माझ्या मैत्रिणींनाही आहे, त्यांच्या भावांना कोणी पंथवेडे म्हणत नाही.

खडूस_काका
शेंडेफळ, शेवटचं वाक्य लागलं. आमचा चिरंजीवही बाहेरच आहे.

पूर्वाश्रमीची
शेंडेफळ, तुझं पटतंय आणि तरीही दाराबद्दल विचारायलाच हवं. ख्रिस्ती मठांसाठी संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात नियमावली लिहिली, त्यात नवीन माणसाला पटकन आत घेऊ नका, दारावर चार-पाच दिवस ताटकळू दे, मग वर्षभर उमेदवारी आणि त्या काळात नियम तीनदा वाचून दाखवा असं आहे. शेवटी मठाचा झगा दिला की त्याचे जुने कपडे फेकायचे नाहीत, कोठीत जपून ठेवायचे, कारण उद्या तो निघाला तर घालायला लागतील. त्याला जाणं आवडत नव्हतं, जाणाऱ्याला सैतानाने भुलवलं असंच तो म्हणतो. तरी कपडे ठेवले. अशी जागा असेल तर मी स्वतः त्यांना सोडायला विमानतळावर येईन.

टॉर्चवाला
जोडप्यांसाठी आणखी एक चौकशी. अमेरिकेतल्या शेकर या ख्रिस्ती पंथात आलेल्या नवराबायकोला बहीणभाऊ म्हणून वेगवेगळ्या बाजूला राहावं लागायचं, पूर्ण ब्रह्मचर्य. आणि त्याच देशात ओनायडा म्हणून १८४८ ची वसाहत, तिथे नेमकं उलटं, सगळ्यांचं सगळ्यांशी लग्न. पुढे त्या वसाहतीची कंपनी झाली आणि काटे-चमचे विकून प्रसिद्ध झाली. तेव्हा फॉर्म भरताना वैवाहिक स्थितीचा रकाना नीट वाचा म्हणावं.

सायली_पण_कडू
टॉर्चवाले 😂 पण खरंच विचारायला हवं. आणि मुलांचं काय? इस्रायलमधल्या किबुत्झ या सामुदायिक वसाहतींमध्ये (बहुतेक धार्मिक नव्हते, माहितीये, नेमस्त ओरडू नका) मुलं वेगळ्या घरात झोपायची, आईबापांच्याच आग्रहाने पुढे ती पद्धत बंद पडली.

अबोली७
सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं वाचलं, आणि प्रश्न वहीत उतरवून भाचीला भेटले. मुद्दाम एकटीला.

सायली, मधुरा, तुमचा अंदाज साफ चुकला. सुचलं तिला. तीच आधीपासून त्यांच्या सभांना ऑनलाइन बसायची, तो सुरुवातीला वैतागायचा. तो तयार झालाय, पण ती म्हणाली, "मावशी, तो माझ्यासाठी येतोय का हे मला त्याला विचारायची भीती वाटते." इतके दिवस आम्ही सगळे तिला कोण ओढून नेतंय या काळजीत, आणि पोरगी वेगळ्याच काळजीत.

दाराचं विचारलं. हसली आणि म्हणाली, कुटुंबाला स्वतःच्या खोल्या असतात, मुलं आईबापांजवळच. निर्णयाच्या सभेत बायका बसतात आणि बोलतात, पण प्रमुख कायम पुरुषच, हे तिला स्वतःलाही खटकतं. सोडून गेलेल्या कुटुंबाशी बोलायचं तिला सुचलंच नव्हतं, पत्र लिहून विचारते म्हणाली. म्हातारपणावर मात्र उडवून लावलं, त्या वयात मीही उडवून लावलं असतं.

मधुरा_व
घ्या. आता सगळे प्रश्न जावयाला विचारायला हवेत.

सायली_पण_कडू
अंदाज मागे. पण मग लक्ष्मीबाईंच्या जागी जावई बसतो, एवढाच फरक.

पूर्वाश्रमीची
अबोलीताई, तो प्रश्न तिने त्याला विचारायलाच हवा, आणि इथे असतानाच. तिथे गेल्यावर विचारला तर उत्तर देताना त्याच्यासमोर ती एकटी नसेल. आमच्याकडे मी मागून गेलेली होते. दोघांनी एकदा आपापलं वेगवेगळं लिहून काढावं, जोडीदार उद्या मागे फिरला तर मी राहीन का. दोघांचं उत्तर हो असेल तरी लग्नाचा विचार करावा लागेल आणि दोघांचं नाही असेल तरी समुदायाचा.

अर्धवट_वकील
आणि पूर्ण सदस्य होईपर्यंत इथलं खातं, इथली कागदपत्रं बंद करू नका. शक्य असेल तर नोकरीतून बिनपगारी रजा मागा, राजीनामा नंतर.

अबोली७
कालची बातमी. तिने विचारलं. रात्रभर भांडले म्हणे, शेजाऱ्यांनी बेल वाजवली. पूर्वाश्रमीची, तुमची आठवण आली.

तो म्हणाला पन्नास टक्के तुझ्यासाठी. आणि समुदायाकडूनही उत्तर आलंय की आधी पाहुणे म्हणून येऊन काही महिने राहा, तोवर एकही वस्तू विकू नका, आणि दोघांचं एकमत नसेल तर आम्ही एकट्याला घेत नाही. निघून गेलेल्या एका जोडप्याचा पत्ताही दिलाय. बहिणीने ते पत्र दोनदा वाचलं, मग भावजींना वाचायला दिलं. ते वाचून म्हणाले, लोक शहाणे दिसतात, आणि पुन्हा गप्प झाले.

दोघं पाहुणे म्हणून जातायत. तिने रजा टाकलीये, त्याला मिळत नाहीये, बॉसला कारण काय सांगायचं यावर घोडं अडलंय. सुचवा काहीतरी.

दुपारची_झोप
सासरी जातोय म्हणा. एकदम दीडशे माणसांच्या.